कपाळावरच्या आठ्या

'स्टार ट्रेक'च्या कुठल्याही पंख्याला छळायचं असेल तर एक साधा प्रश्न पुरतो. क्लिंगॉन लोकांचं कपाळ आधी आपल्यासारखं सपाट होतं, मग त्यावर एवढे उंचवटे कुठून आले? प्रश्न टाकायचा आणि गंमत बघायची. काही जण विषाणूबद्दल बोलतील, काही बजेटबद्दल, काही जण २०१७ सालच्या मालिकेचं नाव काढून कपाळाला हात लावतील.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्टार ट्रेक' ही जीन रॉडनबेरीने निर्माण केलेली अमेरिकन मालिका. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली, ७९ भाग झाले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, त्यामुळे आधीच्या पिढीतल्या बऱ्याच लोकांना स्पॉकचे टोकदार कान आठवतात. त्यातले शत्रू म्हणजे क्लिंगॉन. लढवय्ये, साम्राज्यवादी, उद्धट. पुढे याच जगात आणखी मालिका आणि सिनेमे आले, अजून येताहेत. साठ वर्षांच्या या प्रवासात क्लिंगॉनचा चेहरा निदान चार वेळा तरी बदलला. का बदलला, याची दोन उत्तरं आहेत. एक कथेच्या आतलं आणि एक कथेच्या बाहेरचं. माझ्या मते खरी गोष्ट या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत आहे.

सुरुवातीपासून बघू. क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले २३ मार्च १९६७ रोजी, 'एरंड ऑफ मर्सी' या भागात. लेखक जीन कून. काळ शीतयुद्धाचा, व्हिएतनाम पेटलेलं. एका मागासलेल्या वाटणाऱ्या ग्रहावरून दोन महासत्ता भांडतायत, असं कथानक. रूपक समजायला फार डोकं लावावं लागत नाही. पटकथेत क्लिंगॉनचं वर्णन जवळजवळ नव्हतंच. पौर्वात्य, कठोर चेहऱ्याचे, एवढंच. बाकी सगळं रंगभूषाकार फ्रेड फिलिप्स आणि नट जॉन कॉलिकोस यांनी मिळून ठरवलं. कोर नावाच्या क्लिंगॉन सेनापतीचं काम करणारा कॉलिकोस पुढे मुलाखतींमध्ये सांगायचा की चंगीझ खानसारखं काहीतरी करू, असं त्यानेच सुचवलं होतं. मग चेहऱ्याला गडद, हिरवट-तपकिरी रंग फासला, वर वळलेल्या भुवया काढल्या, खाली उतरणाऱ्या मिशा आणि छोटी दाढी चिकटवली. झाला क्लिंगॉन. कपाळ नटाचं स्वतःचं.

हे झालं कारण पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. टीव्हीचा भाग आठवड्याभरात उरकायचा. त्याच मालिकेत रोम्युलन नावाचा दुसरा शत्रू डिसेंबर १९६६ मध्ये आधीच येऊन गेला होता, पण त्यांना स्पॉकसारखे टोकदार कान लागायचे. प्रत्येक नटाला रबरी कान लावणं महाग पडायचं, म्हणून मागच्या रांगेतल्या रोम्युलन सैनिकांना कान झाकणारी शिरस्त्राणं घातली होती! त्यामानाने क्लिंगॉन स्वस्त. रंग, मिशी, तयार. तरी त्यातही सातत्य नव्हतंच. डिसेंबर १९६७ च्या 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' या भागातले क्लिंगॉन चांगलेच उजळ आहेत. विल्यम कँपबेलचा कोलोथ तर एखाद्या क्लबात पत्ते खेळणाऱ्या गोऱ्या गृहस्थासारखा दिसतो. नोव्हेंबर १९६८ मध्ये मायकेल अन्सारा कँग बनून आला, तेव्हा रंग परत गडद. म्हणजे 'मूळ' क्लिंगॉन म्हणून आपण ज्यांच्याबद्दल बोलतो, ते मुळात एकसारखे नव्हतेच.

मग १९७९. 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'. दिग्दर्शक रॉबर्ट वाईज, खर्च सुमारे ४.४ कोटी डॉलर. आता टीव्हीच्या छोट्या पडद्यावर भागून जाणारा तपकिरी रंग मोठ्या पडद्यावर चालणार नव्हता. सिनेमाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच क्लिंगॉन दिसतात आणि संपतात, पण त्या काही मिनिटांनी पुढच्या सगळ्या पिढ्यांचं कपाळ ठरवून टाकलं. डोक्यावरून कपाळावर उतरलेली मणक्यासारखी एक जाड हाडाची रांग. वेशभूषाकार रॉबर्ट फ्लेचर आणि पुन्हा तेच फ्रेड फिलिप्स यांचं हे काम. एकाच माणसाने बारा वर्षांच्या अंतराने एकाच प्रजातीचे दोन पूर्ण वेगळे चेहरे केले, हे मला फार आवडतं. या सिनेमातल्या सगळ्या क्लिंगॉनना एकच, सारखीच रांग होती. साच्यातून काढल्यासारखी.

१९८४ च्या तिसऱ्या सिनेमात प्रत्येकाला वेगवेगळं कपाळ मिळालं, शिवाय मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने त्यांना व्याकरणासकट एक भाषा दिली. १९८५ मध्ये तिचा शब्दकोशही निघाला. आणि १९८७ पासून 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेत मायकेल डॉर्नचा वॉर्फ आला. शत्रूच्या जातीतला, पण आपल्या जहाजावर नोकरी करणारा. इथे रंगभूषाकार होते मायकेल वेस्टमोर. त्यांनी एक सुंदर नियम लावला. प्रत्येक घराण्याचं कपाळ वेगळं, आणि एका घराण्यातल्या माणसांची कपाळं एकमेकांशी मिळतीजुळती. म्हणजे रंगभूषा वंशावळ सांगायला लागली. आपण एखाद्या लग्नात अनोळखी मुलाच्या नाकाकडे बघून 'हा जोशांचाच' म्हणतो ना, तसंच. आता आठ्या म्हणजे नुसती सजावट राहिली नव्हती. क्लिंगॉन असणं म्हणजे त्या आठ्या असणं, असं होऊन बसलं.

पण मग जुन्या ७९ भागांमधल्या सपाट कपाळाचं काय करायचं?

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्याला ही परिस्थिती ओळखीची वाटते. नवीन व्हर्जन आलं, डेटाचा साचा बदलला, पण जुन्या नोंदी तशाच पडून आहेत आणि त्या पुसता येत नाहीत, कारण लोक अजून त्या वापरतायत. अशा वेळी टीममध्ये तीन मतं असतात. पहिलं, दुर्लक्ष करा. दुसरं, 'माहीत असलेली त्रुटी' म्हणून एक ओळ लिहून ठेवा. तिसरं, पॅच लिहा. 'स्टार ट्रेक'वाल्यांनी हे तिन्ही केलं, आणि याच क्रमाने केलं.

दुर्लक्ष करायचं मत खुद्द रॉडनबेरीचं. ते पहिल्यापासून असेच होते असं समजा, तेव्हा आमच्याकडे पैसे नव्हते, असा त्याचा पवित्रा. नाटक बघणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटू नये. रंगमंचावर पुठ्ठ्याचं झाड आलं की आपण जंगल समजतो, सोंडेचा मुखवटा आला की गणपती. दशावतारात कुणी उठून राक्षसाच्या रंगाबद्दल शंका विचारत नाही. १९९४ मध्ये 'डीप स्पेस नाईन' या मालिकेत कॉलिकोस, कँपबेल आणि अन्सारा हे तिघेही आपापल्या जुन्या भूमिकांमध्ये परत आले. पंचवीस-तीस वर्षांनी म्हाताऱ्या झालेल्या त्याच तीन क्लिंगॉनची ही गोष्ट. आणि तिघांच्याही कपाळावर व्यवस्थित आठ्या. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. भाग सुंदर आहे आणि तो बघताना कपाळाची आठवणही होत नाही.

गडबड केली ती दोन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९९६ च्या भागाने. मालिकेला ३० वर्षं झाली म्हणून 'डीप स्पेस नाईन'च्या मंडळींना भूतकाळात, थेट 'ट्रबल विथ ट्रिबल्स'च्या जुन्या चित्रीकरणात नेऊन सोडलं. तंत्र अप्रतिम होतं, पण त्यामुळे पहिल्यांदाच आठ्यावाला वॉर्फ आणि सपाट कपाळाचे क्लिंगॉन एकाच जागी आले. आता दुर्लक्ष करणं शक्यच नव्हतं. सहकारी वॉर्फला विचारतात, हे काय? जनुकांशी काही खेळ झाला का? विषाणू? वॉर्फ अवघडतो आणि म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही. संपलं! टीव्हीच्या इतिहासातल्या उत्तम विनोदांपैकी हा एक. पण विनोदाच्या पोटात एक फार खरी गोष्ट होती. ज्याबद्दल बाहेरच्यांशी बोलायचं नाही असं काहीतरी बहुतेक घरांत असतं. कुठला तरी काका, कुठलं तरी गाव सोडण्याचं कारण, बदललेलं आडनाव. प्रश्न आला की थोरली माणसं पानात वाढायला उठतात. वॉर्फच्या त्या एका वाक्याने प्रश्न तांत्रिक राहिला नाही, लाजेचा झाला.

त्यानंतर लेखकांनी स्वतःच खड्डा आणखी खोल केला. २००१ मध्ये सुरू झालेली 'एंटरप्राईझ' ही मालिका कर्कच्या शंभर वर्षं आधी घडते, आणि तिच्या पहिल्याच भागात क्लिंगॉन येतो तो आठ्या घेऊन. म्हणजे आधी आठ्या, मधे सपाट, मग परत आठ्या. आता 'उत्क्रांती' वगैरे म्हणायची सोयही राहिली नाही.

पॅच आला फेब्रुवारी २००५ मध्ये, 'अफ्लिक्शन' आणि 'डायव्हर्जन्स' या दोन भागांत. तेव्हा मालिका बंद होणार हे जाहीर झालेलं होतं. चौथ्या वर्षी सूत्रं हाती घेतलेल्या मॅनी कोटोने जुन्या कथांचे धागे जोडायचं मनावर घेतलं होतं, त्यातलाच हा एक. कथा अशी. पृथ्वीवर कधीकाळी जनुकं बदलून तयार केलेले अतिमानव होते, ऑगमेंट नावाचे. त्यांचे भ्रूण क्लिंगॉनच्या हाती लागतात. माणसं एवढी ताकदवान होणार असतील तर आपण मागे कसे राहायचं, म्हणून क्लिंगॉन शास्त्रज्ञ त्यांची जनुकं स्वतःच्या लोकांवर वापरतात. प्रयोग फसतो. एका रुग्णाच्या अंगात फ्लूचा विषाणू असतो, तो ही जनुकं उचलतो, आणि साथ पसरते. आधी कपाळावरच्या आठ्या विरघळतात, मग मज्जासंस्था कोसळते, मग मृत्यू. शेवटी डॉक्टर फ्लॉक्स रोगाला पहिल्या टप्प्यावर थांबवणारा उपाय काढतो. लाखो लोक वाचतात, पण त्यांचे चेहरे माणसांसारखे होतात, आणि त्यांच्या मुलांचेही तसेच होणार. क्लिंगॉन डॉक्टर अंताक शेवटी म्हणतो की कवटी दुरुस्त करणाऱ्या शस्त्रक्रियेला आता मागणी येईल.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर पॅच नंबर एक आहे. टेस्ट केस लावून बघा. शंभर वर्षं आधी आठ्या? बरोबर, साथ नंतर आली. कर्कच्या काळात सपाट? बरोबर, वाचलेल्यांची मुलं-नातवंडं. काही क्लिंगॉनना तेव्हाही आठ्या? बरोबर, सगळ्यांना लागण झालीच नव्हती. म्हातारपणी कोर, कोलोथ, कँगच्या कपाळावर आठ्या परत कशा? अंतााकची शस्त्रक्रिया. वॉर्फ गप्प का? कारण अख्ख्या जमातीने माणसांची बरोबरी करायला जाऊन स्वतःचा चेहरा घालवला होता, आणि औषधही बाहेरच्या डॉक्टरने दिलं होतं. शिवाय १९९६ च्या विनोदात सहकाऱ्यांनी केलेले दोन्ही अंदाज, जनुकं आणि विषाणू, दोन्ही खरे ठरवले! एकच केस थोडी अडते. मार्च १९६९ च्या एका भागात क्लिंगॉनचा प्राचीन आदिपुरुष काहलेस सपाट कपाळाचा दाखवलाय. पण तो खरा काहलेस नसतोच, परग्रहवासीयांनी उभी केलेली प्रतिमा असते. कर्कने आयुष्यात जसे क्लिंगॉन पाहिले तशीच ती दिसली, असं म्हणून पंखे मोकळे होतात.

इथपर्यंत सगळं छान. पण या पॅचमध्ये मला एक गोष्ट सलते.

विषाणूने कपाळाचा हिशेब दिला. रंगाचा दिला का? १९६७ चा क्लिंगॉन आणि गोरा कर्क यांच्यात मुख्य फरक कपाळाचा नव्हताच. फरक होता तो काळपट रंगाचा, मंगोल मिशीचा आणि तिरक्या भुवयांचा. शत्रू म्हटल्यावर हॉलिवूडच्या पेटीतून तोच डबा सवयीने बाहेर निघाला. गंमत म्हणजे हीच मालिका तिच्या काळाच्या मानाने चांगली पुढारलेली होती. जहाजाच्या पुलावर निचेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री अधिकारी म्हणून बसायची, शेजारी जपानी वंशाचा जॉर्ज टकेई. तरी शत्रू रंगवताना हात त्याच डब्यात गेला. तीस-चाळीस वर्षं पंख्यांनी कपाळावर काथ्याकूट केला, पण रंगाबद्दल कुणी वॉर्फला विचारलं नाही. हाडाचा फरक दिसला, कारण तो नंतर बदलला. रंग तसाच राहिला, म्हणून तो 'असतोच तसा' झाला. पुढच्या मालिकांमध्येही डॉर्न आणि टोनी टॉड यांच्यासारखे कृष्णवर्णीय नट क्लिंगॉन झाले, आणि रॉबर्ट ओ'रायलीसारख्या गोऱ्या नटांना तपकिरी रंग देऊन क्लिंगॉन केलं गेलं.

आणि आपला संबंध इथे येतो. ज्या अतिमानवांच्या जनुकांमुळे हे सगळं झालं, त्यांचा म्होरक्या कोण? खान नूनियन सिंग. 'स्पेस सीड' या भागात तो पहिल्यांदा आला, तारीख १६ फेब्रुवारी १९६७. म्हणजे क्लिंगॉनच्या बरोबर पाच आठवडे आधी. त्याला बघून जहाजावरची इतिहासतज्ज्ञ अंदाज बांधते की हा उत्तर हिंदुस्थानातला शीख असावा. डोक्याला पगडी नाही, दाढी नाही, आणि भूमिका करणारा रिकार्डो माँतालबान मेक्सिकोचा. त्यालाही तपकिरी रंग लावलेला. पाच आठवड्यांच्या अंतराने त्याच स्टुडिओत, त्याच डब्यातल्या रंगाने दोन शत्रू रंगवले गेले: एक नावाने खान, दुसरा चंगीझ खानाच्या नमुन्यावर. अडतीस वर्षांनी लेखकांनी कथेत त्या दोघांचं रक्ताचं नातं जोडलं. माझ्या मते तो निव्वळ योगायोग होता, पण बाहेरून बघणाऱ्याला तो फार बोलका वाटतो. २०१३ च्या सिनेमात खानची भूमिका बेनेडिक्ट कंबरबॅचला दिली तेव्हा उलट बाजूने आरडाओरडा झाला, की आता हा एकदम गोरा ब्रिटिश कसा? या गोष्टीत रंगाचा प्रश्न सरळ सुटतच नाही.

माझी तक्रार अशी नाही की २००५ च्या लेखकांनी रंगाचाही खुलासा करायला हवा होता. देव करो आणि तसा विषाणू कुणी न काढो. मुद्दा एवढाच, की कथेच्या आतलं उत्तर पूर्ण झालं की बाहेरचा प्रश्न मिटला असं वाटायला लागतं. आपल्या मालिकांमध्ये नट सोडून गेला की पात्राला अपघात होतो, चेहऱ्यावर पट्ट्या येतात, पट्ट्या सुटल्यावर नवीन नट. प्रेक्षक खूश. पण नट का गेला, पैशांवरून भांडण झालं की तारखांवरून, ते कळत नाही. पॅच चांगला असेल तर मूळ चूक कुठे होती हे बघायला कुणी जातच नाही, हे आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं.

पुढचा इतिहास पटकन सांगतो. सप्टेंबर २०१७ मध्ये 'डिस्कव्हरी' मालिका आली. काळ कर्कच्या दहाएक वर्षं आधीचा. नेव्हिल पेज आणि ग्लेन हेट्रिक यांनी क्लिंगॉन पार नव्याने घडवले. केस नाहीत, मागे लांबलेली कवटी, जादा नाकपुड्या, आणि कातडीचे रंग राखाडीपासून जांभळटपर्यंत. माझं मत बहुतेकांना पटणार नाही, पण तो प्रयत्न मला प्रामाणिक वाटतो. परग्रहावरची माणसं परग्रहावरची दिसावीत, पृथ्वीवरच्या कुठल्या खंडातली दिसू नयेत, एवढं तरी त्यात साधलं होतं. पंखे मात्र खवळले. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात केस परत आले, युद्धकाळात ते डोकं भादरत होते म्हणे. आणि त्याच काळात घडणाऱ्या 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'च्या २०२३ च्या पर्वात क्लिंगॉन दिसले ते वेस्टमोरच्या घडणीचे, वॉर्फच्या वळणाचे. आमच्या भाषेत याला रोलबॅक म्हणतात. कुणी कारण दिलं नाही. म्हणजे गाडी परत रॉडनबेरीच्या पहिल्या उत्तरावर आली: असेच होते असं समजा.

मला विचाराल तर ते उत्तर ठीकच आहे. ज्यांना विषाणूची कथा आवडते त्यांनी ते दोन भाग जरूर बघावेत, कथा म्हणून ते चांगलेच आहेत. फक्त त्याआधी 'स्पेस सीड' आणि 'एरंड ऑफ मर्सी' हे दोन भाग लागोपाठ बघा. जोडी मिळून दोन तासांच्या आत संपते, शनिवारी दुपारी जेवून बसलात तर चहाच्या वेळेपर्यंत होईल. बघताना कपाळाकडे लक्ष देऊ नका. रंगाकडे द्या.